हाउएव्हर बाई आणि मी

माझ्या नणंदेला कॉलेजात सगळे हाउएव्हर बाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण वन्संना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. ग्रंथालयात खिडकीलगत त्यांचं टेबल आहे. इंग्रजीतून निबंध आणि प्रबंध लिहिणारी मुलं तिथे कागद घेऊन बसतात आणि वन्सं लाल पेनाने प्रत्येक वाक्याची सुरुवात तपासतात. मागच्या वाक्याशी या वाक्याचं नातं काय, हे तिथल्या एका शब्दाने सांगायचं असतं. भर घालायची तर ‘मोरओव्हर’, उलट बाजू सांगायची तर ‘हाउएव्हर’, निष्कर्ष काढायचा तर ‘देअरफोर’. अशा जोडशब्दांचा एक पिवळा तक्ता त्यांनी स्वतः बनवलाय. इथून शिकून गेलेल्या कितीतरी जणांच्या कपाटात तो अजून सापडेल.

मी त्याच ग्रंथालयात काउंटरवर असते. पुस्तकं देते, परत घेते, पानं दुमडणाऱ्यांना चार शब्द ऐकवते. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं आहे, तेही अडखळत. घरी आम्ही एकाच ओट्यावर स्वयंपाक करतो, पण कॉलेजात वन्सं माझ्या समोरून जाताना नुसती मान हलवतात. तेही मी चालवून घेतलं असतं.

खरं दुखणं माझी मुलगी होती. शाळेत जायला लागल्यापासून तिचं दप्तर पडायचं ते आत्याच्या खोलीत. माझ्या वाट्याला काय, तर ‘आई, जेवायला काय आहे?’ आणि ‘आई, माझा निळा ड्रेस कुठाय?’ दाराआडून दोघींचं हसणं ऐकू यायचं आणि मी इकडे कुकरवर राग काढायचे. वन्संनी पोरीला घडवलं, सगळे तेच म्हणायचे. तिचे वडीलही. मला कुणी वाईट वागवत नव्हतं, पण मी जळायचे. सरळ सांगते, जळायचे.

मग आमच्या ग्रंथालयात दुसरं टेबल आलं. त्या टेबलावर एक तरुण सर बसू लागले. ते मुलांचे जोडशब्द सरसकट खोडायचे, म्हणून त्यांचं नाव पडलं खोडरबर सर. सगळे काढा, म्हणायचे, आणि मग बघा वाक्यं आपल्या पायावर उभी राहतात का. नाही राहिली तर शब्द नाही, विचार बदला. आठवड्याभरात खिडकीजवळच्या खुर्च्या ओस पडायला लागल्या. वन्सं रिकाम्या टेबलाशी बसून पेनाचं टोपण काढायच्या, लावायच्या. घरी आल्या की भांडी जरा जोरात ठेवायच्या.

“शब्द खोडायला काय लागतं? अक्कल लागते ती घालायला,” त्या एकदा भाजी निवडताना म्हणाल्या.

“हो ना,” मी म्हटलं. मला किती बरं वाटलं होतं ते माझं मला माहीत.

त्याच सुमारास, आता आमच्याच कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण परत आलं. विषय होता रात्रपाळीच्या नर्स आणि त्यांची झोप. मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच पानावर शेरा मारला होता, की इथे प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर जोडशब्द आहे आणि एकही वाक्य दुसऱ्याला जोडलेलं नाही. प्रकरण नीट करून दिलं नाही तर वर्ष जाणार होतं. ते सगळे ‘मोरओव्हर’ कुणाच्या तक्त्यातून आले होते, हे घरात कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी माझी मुलगी माझ्या डोळ्यांदेखत खिडकीजवळच्या टेबलासमोरून पुढे गेली आणि खोडरबर सरांच्या समोर बसली. वन्संनी मान वर केली नाही. पण त्यांचे कान लाल झालेले मला काउंटरवरून दिसले.

रविवारी दुपारी मुलगी कागद घेऊन माझ्याकडे आली. माझ्याकडे. मी ओटा पुसत होते.

“आई, बस ना जरा. सरांनी सांगितलंय, परिच्छेद घरातल्या कुणाला तरी आपल्या भाषेत सांगायचा, मधले जोडशब्द न बोलता. ऐकणाऱ्याने ते भरायचे. मी लिहिलेला शब्द आणि तुझा शब्द जुळला नाही, तर माझी मांडणी चुकली.”

मी हात पुसले आणि बसले. ती वाचून सांगायला लागली.

“नर्सना घरी गेल्यावर सलग झोप मिळत नाही. घरातली कामं त्यांची वाट बघत असतात.”

“कारण,” मी म्हटलं. “झोप मिळत नाही, कारण कामं असतात.”

“बरोबर. पुढे ऐक. त्या रात्रपाळी बदलून मागत नाहीत.”

“तरीही. इतका त्रास होतो, तरीही मागत नाहीत.”

तिने कागदाकडे बघून कपाळावर हात मारला. “मी इथे ‘मोरओव्हर’ लिहिलंय. म्हणजे नुसती भर. आणि मला उलट सांगायचं होतं.”

तिने खाडाखोड केली आणि खुर्ची माझ्याजवळ सरकवली. तेवढ्यात वन्सं पाण्याचा तांब्या घ्यायला आल्या. तांब्या भरून झाला तरी दारातच उभ्या राहिल्या.

“मी ऐकू का गं?” त्यांनी विचारलं.

“आत्या, तुला नाही चालणार,” मुलगी म्हणाली. “तुला माझं सगळं आधीच कळतं. मी जे सांगत नाही ते तू मनातच जोडून घेतेस. आईला कळत नाही, म्हणून तीच पाहिजे.”

वन्सं गेल्या. मला आनंदही झाला आणि टोचलंही. इतक्या वर्षांनी माझी निवड झाली होती, आणि झाली होती कशासाठी, तर मला कळत नाही यासाठी. पण मी म्हटलं, असू दे. पोरगी जवळ बसलीय ना.

शेवटचा परिच्छेद आला. नर्सची पाळी महिनाभर आधी कळली तर त्यांना घरच्या कामांची विभागणी करता येते, विभागणी झाली की झोप वाढते, असं काहीतरी. सगळं लख्ख कळलं. आता ती कागद गोळा करून उठणार, हेही कळलं.

“नाही कळलं,” मी म्हटलं.

“कुठे?”

“सगळंच. परत सांग.”

तिने परत सांगितलं. मी परत नकाराची मान हलवली. ती माझ्या दंडाला टेकून, माझ्या डोळ्यांत बघत समजावत होती. असं ती लहानपणीही कधी बसली नव्हती. शेवटी तीच थकली. “हा पूर्ण मोडून नव्याने लिहावा लागेल,” असं म्हणत खोलीत गेली.

संध्याकाळी मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होते. वन्सं शेजारी येऊन बसल्या आणि एक उशीचा अभ्रा हातात घेतला.

“तो शेवटचा परिच्छेद चांगला होता,” त्या हळू म्हणाल्या. “मी पलीकडून ऐकत होते. त्या प्रकरणातला तेवढाच तिला खरा जमला होता. आणि तुलाही कळला होता.”

मी घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

“आत बसून मोडतेय ती तो. उद्या प्रकरण द्यायचंय. जा, सांग तिला.”

“तुम्हीच सांगा ना वन्सं.”

“माझं नाही ऐकायची,” त्या म्हणाल्या. “आता तुझं ऐकते ती.”

हे त्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी मी किती वर्षं झुरले होते. त्यांचा आवाज जरा चिरकला, तेही मला गोड लागलं, खोटं कशाला बोलू. पण उठायचं जिवावर आलं. आईलाही कळतं, असं एकदा सांगितलं की ती पुन्हा कशाला माझ्यासमोर कागद घेऊन बसेल?

मी दार ढकललं. तिने परिच्छेदावर आडवी रेघ मारायला पेन टेकवलंच होतं.

“राहू दे तो,” मी म्हटलं. “मला पहिल्यांदाच कळला होता.”

तिने पेन उचललं. “मग तेव्हा का नाही बोललीस?”

“तू उठून गेली असतीस म्हणून,” मी म्हणाले.