पाच नंबरवर कोण होतं?

चार माणसं एका छपराखाली सात-आठ वर्षं राबली की किस्से साचायला वेगळं काही करावं लागत नाही. वडगावच्या आमच्या पॉवरलूम शेडमधले निम्मे किस्से पाच नंबरच्या मागाचे. आता हसू येतं, कारण सगळं निभावलं.

ऐंशीच्या आसपास आमच्या मालकांनी, बाबूआप्पांनी, तो माग आणला. धागा तुटला की हा आपला आपण थांबायचा. "ह्यात चूक होतच नाही," असं विकणाऱ्यानं छातीठोक सांगितलं होतं.

*

आमच्याकडं प्रत्येक साडीच्या घडीत विणकराच्या नावाची चिठ्ठी असायची. खोट निघाली की साडी चिठ्ठीसकट परत यायची आणि तो माणूस बोलणी खायचा. पाच नंबरच्या चिठ्ठीवर नाव कुणाचं घालायचं? आप्पा म्हणाले, "त्यो आपसूक विणतोय. नुसतं पाच नंबर लिवा."

आम्हाला आयतंच सापडलं. महिन्याभरात शेडमधली प्रत्येक खराब साडी पाच नंबरनंच विणलेली निघायला लागली. त्यातल्या दोन माझ्या होत्या, आता कबूल करायला हरकत नाही.

*

एकदा धागा धड असूनही तो सारखा थांबायला लागला. फिटर भरमाण्णा तासभर त्याच्याखाली डोकं घालून बसला.

"काय म्हणतोय?" आप्पांनी विचारलं.

"दमलाय. आमच्यागत बिडी वडायला भाईर जाता येत न्हाय त्याला."

*

यंत्राला कितीही बोललं तरी ते सुधारत नाही, हे आप्पांना उशिरा कळलं. मग त्यांनी शेडमध्ये झाडलोट करणाऱ्या शांताक्काला त्याच्याशेजारी उभं केलं.

"म्या काय करायचं?"

"काय न्हाय. नुसतं बघायचं. हात लावायचा न्हाय."

चिठ्ठीवर मात्र तिचं नाव पडायला लागलं.

*

एक दिवस पाच नंबरचा आडवा धागा नेणारा धोटा उडाला आणि भरमाण्णाच्या कपाळावर बसला. चार टाके पडले, डोळा वाचला. तो हसत परत आला तेव्हा कुठं आमच्या जिवात जीव आला.

पण दुसऱ्या दिवशी सरकारी इन्स्पेक्टर आले. "मागावर कोण होतं?"

"शांताक्का," आप्पा म्हणाले.

तिचं तोंड उतरलं. घर तिच्या एकटीच्या जिवावर चालायचं. साहेबांनी नाव लिहून घेतलं आणि तिला विचारलं, "माग बंद कसा करतात?"

"ठावं न्हाय साहेब. हात लावू नको म्हणून सांगितलंय."

"मग तुम्ही इथं कशाला?"

"काय झालं तर कुणाचं तरी नाव लागतंय न्हवं, त्यासाठी."

साहेबांनी लिहिलेलं खोडलं. आप्पांकडं वळून म्हणाले, "तुमचं पूर्ण नाव सांगा."