सुप्रभाताईंचे सात पेले

ब्रायटनच्या आमच्या मराठी मंडळात यंदा गणपतीत एकच विषय होता: सुप्रभाताई जपानी पबमध्ये भर दुपारी अकरा पेले रिचवून टेबलाखाली आडव्या झाल्या. आता खरं सांगते. पेले सात होते, ताई खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि वरचे चार पेले माझ्या किचनमध्ये वाढले. मी शेजारीण आहे. बातमी आली तशीच पुढे देणं मला जमत नाही.

ताई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. सत्तावीस वर्षं इथल्या एका शाळेत डिनर लेडी होत्या, म्हणजे मुलांना दुपारचं जेवण वाढायच्या. पळीभर मटार म्हणजे पळीभरच. जिच्या घरून पाहुणा पट्टा सैल केल्याशिवाय उठत नाही, त्या बाईला आग्रहाची बंदी! २००६ साली रिटायर झाल्या आणि महिन्याभरात कोमेजल्या. घरात वाढून वाढून वाढणार कुणाला? दीनानाथरावांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, अर्धी पोळी जड होते.

अशात समुद्राजवळ मोरिता नावाच्या गृहस्थांचा पब निघाला. छोट्या बशा, साके नावाची तांदळाची दारू आणि न्यूहेवनच्या बोटींवरून सकाळीच आलेली मासळी. त्यांना मासे साफ करून रोज एक पदार्थ रांधणारं माणूस हवं होतं. ताईंना ते काम इतकं हवं होतं की फॉर्म त्यांनी माझ्याकडून दोनदा तपासून घेतला, आणि माझं इंग्रजी त्यांच्याहून वाईट आहे.

ट्रायलला मुलगी तनू सोबत गेली. ती इथंच जन्मलेली, कुठंही जाताना सगळं वाचून जाते. जपान्यांत आपला पेला आपण भरत नाहीत, समोरचा भरतो. नको असेल तर भरलेलाच ठेवायचा, हे तिनं गाडीतच बजावलं होतं. "पेला रिकामा केलास तर तो परत भरणार, आई."

ताईंनी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं. मोरिता पहिल्या घासालाच थांबले. जिभेला झिणझिण्या आणणारं तसलंच फळ त्यांच्या गावीही असतं म्हणे. खूश होऊन त्यांनी ताईंचा पेला भरला. ताईंनी जन्मात दारू घेतली नव्हती, पण वाढलेलं टाकायचं कसं? प्यायल्या. त्यांनी परत भरला. इकडे त्यांची बशी रिकामी दिसताच ताईंनी दुसरा बांगडा घातला. पानात काही टाकू नये, हे मोरितांनाही लहानपणापासून शिकवलेलं. ते संपवतात म्हणून या वाढतात, या संपवतात म्हणून ते ओततात. तनू भिंतीवरच्या माशाच्या चित्राकडे बघत बसली.

चौथ्या पेल्याला ताईंचे कान तापले. नको म्हटलं तर काम गेलं, असं त्यांनी मनाशी धरलेलं. सातवाही संपवला आणि सहावा बांगडा उचलला. तेव्हा मोरितांनी दोन्ही हात बशीवर आडवे धरले, अगदी आपल्या पंगतीत धरतात तसे, आणि म्हणाले, सोमवारपासून या.

आता तिथं आलेलं इंग्रज गिऱ्हाईक एका बांगड्यावर सुटत नाही. परवा आरतीनंतर मी सगळ्यांदेखत ताईंना छेडलं, की सात पेले पिऊन नोकरी मिळवणाऱ्या मंडळात तुम्हीच पहिल्या.

ताई म्हणाल्या, "प्यायले, कारण त्यानं वाढलं. पण हात आधी त्यानं आडवा धरला, मी नाही. आणि तू गं, माझ्याकडे जेवताना आजवर एकदा तरी धरलायस का?"