सबटायटल्स लावा कोणीतरी

"ह्यांच्या प्रश्नाला सबटायटल्स लावा हो कोणीतरी."

नारायण पेठेतल्या छोट्या सभागृहात, सगळ्यांसमोर, सर असं म्हणाले. सर म्हणजे आमच्या फिल्म क्लबचे चालक, निवृत्त प्राध्यापक. मी अकोल्याहून नोकरीसाठी आलेली, कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहणारी. फिल्म संपल्यावर पहिल्यांदाच हात वर केला होता. विचारलं होतं एवढंच, "शेवटी ती बाई परत काहून जाते?"

काहून. म्हणजे का.

सगळे हसले. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

मग मी जीभ सोलायला घेतली. 'काहून' गेलं, 'मले' गेलं. ऑफिसात कोणी म्हणालं, "तू विदर्भातली वाटतच नाहीस," की मी दिवसभर खूश. आईचा फोन आला की कापायचे, कारण तिच्याशी बोलताना जीभ आपोआप घरी जायची. एकदा उचलला आणि पुणेरी बोलले, तर ती म्हणाली, "काहून वं, कोनी हाय काय तिथी?" तिला कळलं होतं. मी म्हटलं, "मीटिंग आहे." मीटिंग कसली? शेजारच्या कॉटवर रूममेट बसली होती.

पुढे आई गेली. तापाचं निमित्त झालं. अख्खा मोबाइल पालथा घातला. तिचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता.

यंदा आजारपणाच्या रजेवर होते. दुपारी पडल्यापडल्या काहीबाही बघताना एक शॉर्ट फिल्म समोर आली. यवतमाळकडच्या कुण्या मुलाने केलेली. ना ओळखीचा नट, ना खाली धड चार कॉमेंट. चुलीपुढे बसलेली बाई भाकर थापता थापता, मागे न बघता म्हणते, "दारात काहून उभी राह्यली वं? अंदर ये."

मी खरंच दाराकडे बघितलं.

चेहरा परका होता. आवाज आईचा. त्यानंतर मी अशा फिल्म शोधतच सुटले. खानदेशातल्या, कोकणातल्या, कोणी मित्रांना गोळा करून मोबाइलवर केलेल्या. एवढी माणसं आपापल्या बोलीत बोलत होती आणि मला पत्ता नव्हता. पण फिरून त्या बाईकडेच यायचे. कितव्यांदा तरी बघताना खालच्या पट्टीवर नजर गेली: 'दारात का उभी राहिलीस? आत ये.'

मराठीखाली मराठी!

त्या मुलाला मेसेज करून विचारलं. उत्तर आलं, "ताई, पुन्यात दाखवाची होती ना, म्हनून."

त्याच्याकडून बिनपट्टीची फिल्म मागवली. क्लबात सभासदांच्या आवडीच्या फिल्म दाखवायच्या होत्या, तेव्हा हीच लावली. सुरू होऊन दोन मिनिटं झाली नाहीत तोच पहिल्या रांगेतून सरांचा आवाज आला.

"अहो, सबटायटल्स राहिली वाटतं."

मी उठले. "राहिली नाहीत, सर. नकोत म्हणून मी सांगितलं."

"मग आम्हाला कळायचं कसं?"

"तुमचं मले कसं कळलं, सर? ऐकूनच ना?"

ह्या वेळी कोणी हसलं नाही. टाळ्याही नाहीत. पडद्यावर ती बाई म्हणाली, अंदर ये. मी पुन्हा दाराकडे बघितलं. दार बंद होतं.

सरांनी फक्त एकदा थट्टा केली होती. फोन मी कापले, एकेक करून. ते आता कोणी जोडून देणार नाही. पण यापुढे माझ्या बोलण्याखाली कोणाला पट्टी लावू देणार नाही. मीसुद्धा लावणार नाही.