तलफेचा आकडा

बाबा दिवसाला दोनच सिगारेटी ओढायचे. डिचोलीच्या एक डॉक्टरीणबाई अशा थोडं ओढणाऱ्यांचा अभ्यास करत होत्या. तलफ किती वाटते ते शून्य ते दहामध्ये, दिवसातून चार वेळा लिहायचं होतं. बाबांना बारीक अक्षर दिसेना, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

"बाबा, आता किती?"

"शून्य."

आठवडाभर शून्यच. मला वाटायचं, लाजून खोटं सांगताहेत.

रविवारी आमोण्याहून त्यांचे एक जुने सोबती आले. दोघांनी खाणीवर वर्षानुवर्षं ट्रक चालवले होते. चहात पोय, म्हणजे आमच्याकडचा गव्हाचा पाव, बुडवत ते तासभर बोलले. सोबत्यांनी सिगारेट सोडली होती, म्हणून बाबांनीही पेटवली नाही. ते गेल्यावर मी विचारलं.

"दहा," बाबा म्हणाले. मग हळूच म्हणाले, "ट्रक भरेपर्यंत आम्ही एकच अर्धी-अर्धी ओढायचो गो."

डॉक्टरीणबाईंनी त्या दहाचं कारण विचारलं, तेव्हा बाबा नुसते हसले. मीच सगळं सांगितलं.

पुढे दर रविवारी मी त्यांना स्कूटरवरून आमोण्याला नेऊ लागले. दोघे नदीकाठी बसून गप्पा मारायचे आणि मी जरा लांब थांबायची. आता बाबा नाहीत. रविवारची दुपार झाली की मला अजून निघायची घाई होते.