पोट साफ

गोंदियात नवजात बाळांच्या वॉर्डात मी नर्स होते. माझं तोंड फाटकं आहे हे नातेवाइकांना पहिल्याच दिवशी कळायचं, आणि मला त्याची लाज नव्हती.

केशोरीकडची एक पोरगी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ जेमतेम किलोभराचं. आधीची दोन पोटातच गेलेली, त्यामुळे सगळं घर या मूठभर जिवावर डोळे लावून बसलेलं. चार दिवस झाले तरी बाळाला शी नव्हती. नळीनं दिलेलं मिलीभर दूध पोटात तसंच पडून राहायचं. सिरिंज ओढली की परत वर यायचं. मी टेपनं पोट मोजायची आणि वाट बघायची. अशा बाळांचं आतडं त्याच्या सवडीनं जागं होतं, त्याला घाई चालत नाही.

सासूला मात्र धीर नव्हता. "बाई, शी काऊन नाही होऊन राहिली? दूध काऊन नाही वाढवत?" तासातासाला तेच. पाचव्या दिवशी मी खेकसले, "आजी, आधी पोट साफ होऊ द्या, मग दूध वाढेल. डोकं नका खाऊ." म्हातारी माघारी फिरली. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सून बाळाला उघड्या छातीशी धरून बसली होती. सासू तिला पाणी द्यायला आत आली आणि जरा वेळ बसली. दुपार कलताना लंगोट काळा-हिरवा झाला. मी ओरडलेच, "झाली गं झाली!" सून रडता रडता हसली. सासूनं मला हात जोडले.

संध्याकाळी पोट टम्म फुगलं. लंगोटात रक्त आलं. सिरिंज ओढली तर हिरव्या पाण्यावर तेल तरंगत होतं.

मी सासूला गाठलं. तिनं पदराच्या गाठीतून बाटली काढली. "एरंडीचं तेल. बोटावर, दोनदा चाटवलं." मी तिला सगळ्यांसमोर खुनी म्हटलं. सुनेसमोरही. म्हातारीनं बाटली पुन्हा पदरात बांधली. मग म्हणाली, "तुमीच तं सांगितलं ना बाई, पोट साफ होऊ द्या म्हणून."

मी गोंदियाजवळच्याच गोरेगावची. आमच्याकडे पोट साफ करणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होतं. माझी आई याच तेलानं आमची पोटं साफ करायची.

सकाळी बाळ गेलं. केसपेपरवर मी लिहिलं, 'नातेवाइकांनी परस्पर तेल चाटवले.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

बाळ ताब्यात घेतल्याच्या कागदावर सही करताना सुनेनं मान वर केली. "सिस्टर, खरंच तुमी सांगितलं होतं का?"

"मी कायले सांगू असं?" मी म्हणाले. एरवी वॉर्डात मी तिच्या बोलीत कधी बोलत नसे.

तिनं सही पुरी केली. बाहेर जीप उभी होती. सासूनं बाळाला घ्यायला हात पुढे केले, तर सुनेनं ते झिडकारले आणि गाठोडं छातीशी धरून ती एकटी पुढे जाऊन बसली.