बिडाच्या तव्याचा खिळा

मर्विन ट्रेलोरने आयुष्यभर टेलिफोनच्या तारा ओढल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूनटा गावापासून पार समुद्रापर्यंतचा एकेक खांब त्याच्या हाताखालून गेलेला. तो निवृत्त झाला आणि पाठोपाठ खांबही मोडीत निघाले. मग घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो काड्यापेटीएवढ्या कॉम्प्युटर बोर्डांशी खेळू लागला. एक बोर्ड बेकरीतल्या पेस्टीपेक्षा, त्या खिमा भरलेल्या करंजीपेक्षा, स्वस्त. चार-पाच बोर्ड अंतराअंतरावर ठेवले की ते ब्लूटूथने निरोप पुढे पुढे देत जातात. पहिला दुसऱ्याच्या कानात सांगतो, दुसरा तिसऱ्याच्या. तार नाही, खांब नाही.

"म्हणजे आपल्या गावातल्या बायकांसारखंच," त्याची बायको ग्लेनिस म्हणाली.

"बायकांपेक्षा बरं. हे पदरचं काही घालत नाहीत."

ग्लेनिसच्या कोंबड्या म्हणजे तिचा जीव. खुराडं परसाच्या टोकाला. मधे द्राक्षाचा मांडव, जर्दाळूची झाडं आणि अंजीर. खुराड्याच्या दारावर एक खिळा होता आणि त्याला बिडाचा जुना तवा टांगलेला. दाणे संपले, साप दिसला, नुसती चहाची तल्लफ आली तरी ती चमच्याने तवा बडवायची. मर्विन हातातली डाग द्यायची सोल्डरिंगची कांडी ठेवून धावायचा.

मे महिन्यात डॉक्टरांनी तिच्या हृदयाचं सांगितलं आणि मर्विनने ठरवलं, आता खेळ पुरे, कामाचं काहीतरी करायचं. त्याने तिच्या एप्रनला लावायचं बटण बनवलं. ते दाबलं की निरोप पाच बोर्डांमधून शेडमध्ये पोचायचा आणि घंटा वाजायची.

आधी सगळे बोर्ड स्वयंपाकघरातल्या टेबलावरच मांडले होते. एकाच खोलीत असल्यामुळे ते एकमेकांचंच ऐकून तेच तेच पुन्हा ओरडत होते.

"मर्व, हे बंद कर नाहीतर तुला यांच्यासकट खुराड्यात झोपवीन," ग्लेनिस म्हणाली.

प्रत्येक निरोपाबरोबर एक आकडा जातो, तो किती उड्या घेऊ शकेल याचा. दर उडीला आकडा एकाने उतरतो आणि संपला की निरोप तिथेच मरतो. मर्विनने तो आकडा तीनवर आणला. गोंधळ थांबला. प्रोग्रॅममधल्या त्या ओळीपुढे त्याने लिहून ठेवलं, 'तात्पुरतं. नंतर वाढवणे.'

तिथल्या हिवाळ्यात, जुलैच्या थंडीत त्याने बोर्ड आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत घालून परसात बसवले. शेवटचा खुराड्यावर टांगायला जागा नव्हती, म्हणून त्याने खिळ्यावरचा तवा काढला आणि डबा तिथे अडकवला. तवा धुण्याच्या खोलीत गेला.

"माझा तवा कशाला नेतोस?"

"आता काय गरज? बटण दाब, मी हजर."

तिने बटण दाबलं. घंटा खणखणीत वाजली. झाडांवर एक पान नव्हतं, त्यामुळे निरोप मधले दोन बोर्ड ओलांडून पलीकडे जात होता आणि तीन उड्यांत शेड गाठत होता. दर शनिवारी तो तिला बटण दाबायला लावायचा. "मी काय चर्च आहे, ठरल्या दिवशी घंटा वाजवायला?" असं म्हणून ती दाबायची. सहा शनिवार एकदाही चूक झाली नाही, तेव्हा त्याने तपासणं सोडलं आणि पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारं यंत्र करायला घेतलं.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी तो त्याच यंत्राला डाग देत बसला होता. साडेअकराच्या चहाला ग्लेनिस आली नाही. तो गेला तेव्हा ती खुराड्याच्या दाराशी पडलेली होती आणि कोंबड्या सांडलेले दाणे टिपत होत्या.

दफन झाल्यावर त्याने सगळे डबे उतरवले आणि बोर्डांच्या नोंदी वाचल्या. खुराड्यावरच्या बोर्डात अकरा निरोप होते, वीस मिनिटांतले. अंजिराच्या बोर्डात अकरा. जर्दाळूच्या बोर्डातही अकरा. द्राक्षाच्या मांडवावरच्या बोर्डात एकही नव्हता, शेडमधल्या बोर्डातही नाही. मर्विनने मान वर करून परसाकडे पाहिलं. सगळीकडे रसरशीत, ओली पानं. चाळीस वर्षं तारांवरच्या फांद्या छाटणाऱ्या माणसाला पानांचा विसर पडला होता. पानांतलं पाणी लहरी अडवत होतं, त्यामुळे आता एकही बोर्ड ओलांडता येत नव्हता; बटणापासून शेडपर्यंत पाच उड्या लागत होत्या, आणि हाती होत्या तीनच.

मुलगी केरिन ॲडलेडहून आलेली होती. स्वयंपाकघरात कप पुसता पुसता ती म्हणाली, "डॅड, तिने बटण दाबलंच नसणार. तुला माहितीये ती कशी होती. त्रास नको म्हणून मुकाट पडून राहिली असेल."

मर्विनने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. ग्लेनिसच्या हट्टीपणाला दोघं मिळून रडली असती.

"अकरा वेळा दाबलं तिने," मर्विन म्हणाला. "माझ्यापर्यंत आलं नाही. आकडा मी वाढवायला विसरलो."

केरिनने कप खाली ठेवला. मर्विनने धुण्याच्या खोलीत जाऊन तवा घेतला आणि परस ओलांडून खुराड्याशी गेला. खिळा तिथेच होता. अडकवताना तवा निसटला आणि दारावर आपटला.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. केरिन धावत मांडवाखाली आली होती.

"डॅड! काय झालं? केवढा आवाज आला!"