तात्यांच्या डाळिंबांची वेबसाइट

१९९९ साली मी तात्यांच्या डाळिंबाच्या बागेची वेबसाइट बनवली, तेव्हा ती कुणाला वापरताही यावी असा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

मी तेव्हा बारामतीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. तीन महिन्यांचा कोर्स करून चौथ्या महिन्यात तिथेच मॅडम झाले होते, यावरून माझ्या ज्ञानाचा अंदाज यावा. (मला स्वतःला तो यायला फार वेळ लागला!) तात्या, म्हणजे माझे वडील, इंदापूरजवळच्या आमच्या गावी बाग सांभाळायचे. त्यांच्यासाठी मी वेबसाइटचं नाव तेवढं घेऊन ठेवलं होतं आणि त्यांच्या डायरीत लिहून दिलं होतं. आत अजून काडीचंही काही नव्हतं.

तर तात्यांना पुण्याच्या एका प्रदर्शनात वाशीचे एक शेठ भेटले. डाळिंबाचे मोठे व्यापारी. त्यांनी साधा फोन नंबर मागितला, तर तात्यांनी डायरीचं ते पान टरकन फाडून त्यांच्या हातात ठेवलं!

"आमच्या पोरीनं येबसाइट केलीया. तिच्यात समदं हाय!"

घरी आल्यावर मी विचारलं, "तात्या, शेठचा नंबर घेतला का?"

"आपुन कशाला घ्यायचा? त्योच बघंल की आपल्याला."

एवढ्यावर न थांबता तात्यांनी इंदापूरच्या नेहमीच्या व्यापाऱ्यालाही नाही म्हणून सांगून टाकलं. माल पंधरा दिवसांत तोडणीला येणार होता. डाळिंब वेळेत तोडलं नाही तर झाडावरच तडकतं, आणि तडकलेला माल वाशीला कुणी हातात धरत नाही. म्हणजे वर्षभराची बाग आता माझ्या कलेवर अवलंबून होती. बिचारी बाग!

मी आठवडाभर रजा टाकून कामाला लागले. पहिल्या पानावर एक भलंमोठं डाळिंब. त्यावर क्लिक केलं की ते मधोमध फुटणार, दाणे पानभर सांडणार आणि प्रत्येक दाण्यात एकेक माहिती! बागेची माहिती एका दाण्यात, मालाची दुसऱ्यात, फोन नंबर तिसऱ्यात. कोणत्या दाण्यात काय, हे बघणाऱ्यानं शोधायचं. त्यात गंमत आहे, असं माझं मत होतं. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर धड दिसत नसत, म्हणून सगळा मजकूर चित्रं करून टाकला. वर सनईची धूनही लावली.

मग बारामतीच्या क्लासमध्ये घरच्यांना बोलावून दाखवलं. तात्यांचे थोरले भाऊ आबा टोपी सावरून पडद्यासमोर बसले.

"पोरी, गणपती कुठाय?"

"आबा, ही डाळिंबाची..."

"म्हणून काय झालं? गणपतीबिगर सुरवात करतात व्हय?"

गणपती आला. मग आबांना वडीलधाऱ्यांची नावं हवी झाली. ती टाकली तर आत्या फुरंगटल्या.

"माजं नाव धाकट्या वैनीच्या खाली? ऱ्हाऊ दे. मी येत न्हाय तुमच्या येबसाइटवर!"

आत्या एकदा रुसल्या की दिवाळीलासुद्धा येत नाहीत, हा अनुभव होता. मी डोकं लढवलं आणि सगळी नावं गोल फिरती केली. कुणी वर नाही, कुणी खाली नाही! आत्या खूश झाल्या. वाचणाऱ्याला चक्कर आली असती, पण वाचणाऱ्याचा कुणी विचारच करत नव्हतं. खाली 'आपले विनीत' आलं. मध्यभागी 'मांडणी व सजावट' असं लिहून मी माझा हिरव्या शालूतला फोटो लावला. (एवढं केल्यावर स्वतःला विसरून कसं चालेल?)

"फोन नंबर जरा वर घेऊ का?" मी आपलं विचारलं.

"नगं," तात्या म्हणाले. "आपल्याला तालुक्यात कोण वळखत न्हाय? गावाचं नाव हाय तेवढं बास!"

वेबसाइट सुरू झाली. किती लोकांनी बघितली ते सांगणारा आकडा मी खाली लावला होता. तो तीन दिवसांत एक्केचाळीसवर गेला. तात्यांनी आनंदानं पेढे वाटले. त्या एक्केचाळीस वेळांपैकी चाळीस वेळा ती मीच उघडली होती, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

शेठचा फोन काही येईना. डाळिंबं लालबुंद झाली. तात्या सकाळी बागेत जायचे आणि दिवसभर फोनशेजारी बसायचे. मला एका शब्दानं बोलत नव्हते, आणि त्यानंच मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एके दिवशी त्यांनी तडकलेली चार फळं आणून ओट्यावर ठेवली.

"तुज्या कॉम्प्युटरातली फुटली तशीच फुटलीत," एवढंच म्हणाले. मी आत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन तार घेऊन आला. तार म्हटल्यावर आईनं आधीच डोळ्यांना पदर लावला. आबांच्या नावानं होती. मी वाचली. 'वधूवरांस शुभाशीर्वाद. आहेर समक्ष आणतो.' खाली शेठच्या पेढीचं नाव आणि फोन नंबर!

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"कवा ठरलं गं?" आईनं हळूच विचारलं.

तात्यांनी लगेच फोन लावला. शेठचा आवाज एवढा खणखणीत की आम्हाला ओट्यावर ऐकू येत होता.

"अभिनंदन तात्यासाहेब! कार्य कसं झालं?"

"कसलं कार्य वो? हितं डाळिंबं तडकाया लागलीत!"

"अरेच्चा! मी अर्धा तास बसलो होतो कॉम्प्युटरसमोर. आधी सनई वाजली. मग गणपती आला. मग तुमचे सगळे नातेवाईक आले आणि फिरायला लागले. मग शालूतली नवरी आली. पुढचं काही उघडेचना. म्हटलं, लग्नघरात कुठं डाळिंबाचं विचारायचं? गडबड संपली की बघू, म्हणून थांबलो!"

सगळ्यांत जड चित्र डाळिंबाचं होतं. ते वाशीपर्यंत पोचलंच नव्हतं.

शेठ भला माणूस. दुसऱ्याच दिवशी ट्रक घेऊन स्वतः आले. चौथाई माल तडकला होता, बाकीचा वाचला. तात्या किती दिवसांनी हसले! ते बघून माझ्या जिवात जीव आला. शेठनं माझ्यासाठी साडी आणली होती. ती परत नेईनात. वेबसाइट करून मला आजवर मिळालेली ती एकमेव बिदागी.

त्या आठवड्यात मी सगळं पुसून टाकलं आणि पांढऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत दोनच ओळी ठेवल्या. 'आमच्याकडे डाळिंबं मिळतात. फोन करा.' खाली नंबर. दहा मिनिटांचं काम. पुढच्या हंगामात त्या पानावरून सोलापूरचे, नाशिकचे, कुठकुठचे फोन आले. एकदा एक व्यापारी बागेत येऊन म्हणाले, "तात्या, तुमची वेबसाइट फार सोपी हाय बरं का. कुणी केली?"

तात्यांनी कौतुकानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आमच्या पोरीनंच. ह्या खेपंला तिनं काय डोकं चालवलं न्हाय बघा, म्हणून झ्याक जमली!"